रंगावर जाऊ नका, गाडीखाली वाका



बोनसचे दिवस जवळ आले की वस्तीत गाडीची बोलणी सुरू होतात. नवी गाडी आपल्या आवाक्याबाहेरची. मग कोणीतरी सांगतो, अमुक ठिकाणी जुनी गाडी आहे, ऐंशी-नव्वद हजारांत मिळते, रंग अगदी नव्यासारखा. गेल्या महिन्यात अशा तीन बंधूंनी आम्हाला गाठले आणि गाडीचे कागद पुढे केले. आम्ही कारकून माणूस. कागद बघून द्या म्हटले की आम्हाला नाही म्हणता येत नाही. पण या वेळी कागद हातात घेण्याआधी आम्ही तिघांनाही एकच विचारले, "गाडीखाली वाकून पाहिलंत का?" तिघांनीही नाही म्हणून मान हलवली.

हा प्रश्न आम्ही का विचारतो, ते आज सांगायचे आहे. त्यात आमची स्वतःची चूक आहे. ती लपवली तर हे सदर लिहिण्यात अर्थ नाही.

आमची चूक

आमचे दाजी तीन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीन वेळा रुग्णालयात जायचे. जाताना माणूस कसाबसा जातो, येताना पायात त्राण नसते. दर खेपेला रिक्षा. महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा भाच्याने ठरवले की एक जुनी गाडी घ्यावी, आजारी माणसाला मागच्या सीटवर आडवे होता येईल अशी. त्याला एक जुनी व्हॅन सापडली. किंमत पंच्याऐंशी हजार. पन्नास हजार पतपेढीचे कर्ज, बाकीचे भाचेसुनेच्या भिशीतून आले.

गाडी बघायला आम्ही तिघे गेलो. पांढरा शुभ्र रंग, नवी सीट कव्हरे, समोर सुगंधी बाटली लटकवलेली. भाच्याने इंजिन सुरू करून पाहिले. आम्ही एक तास कागद तपासले. आरसी बुक, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा उतरल्याचे पत्र, सगळे जागच्या जागी. चेसिस नंबर आम्ही आकडा न आकडा ताडून पाहिला. भाचेसून मागच्या दारापाशी उभी होती. ती म्हणाली, "मामा, आतून ओला वास येतोय. मासळीसारखा." आम्ही हसलो आणि म्हणालो, "अगं, जुन्या गाडीला वास यायचाच." आणि भाच्याला सांगितले, "कागद चोख आहेत, दे पैसे."

पाच महिन्यांनी, जुलैच्या एका सकाळी, रुग्णालयाच्या वाटेवर चाक पंक्चर झाले. भाच्याने दाराखाली जॅक लावला आणि फिरवू लागला. जॅक वर गेला, पण गाडी वर आली नाही. कर्रकन आवाज झाला आणि जॅकचे डोके पत्रा फाडून आत शिरले. पावसात दाजी शाल पांघरून रस्त्याच्या कडेला उभे, आणि डायलिसिसची वेळ टळत चाललेली. शेवटी रिक्षाच करावी लागली.

व्हॅन गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली तेव्हा मिस्त्रीने आम्हालाही खाली बोलावले. बॅटरीच्या उजेडात जे दिसले ते आम्ही विसरणार नाही. तळाच्या पत्र्याला ठिकठिकाणी भोके. त्यांवर डब्याचे पत्रे आणि फायबरचे तुकडे चिकटवलेले, वरून पुट्टी, त्यावर डांबरासारखा काळा लेप. ही व्हॅन पूर्वी मासळीची वाहतूक करत होती. बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे मॅटखाली झिरपत राहिले होते. मिस्त्रीने ब्रेकच्या पाइपकडे बोट दाखवले. तो गंजाने फुगून खडबडीत झाला होता. तो म्हणाला, "साहेब, जॅक आत गेला ते बरंच झालं. हा पाइप उतारावर फुटला असता तर?"

दुरुस्तीचा अंदाज चाळीस हजारांच्या वर गेला, तेही खात्री नाही म्हणून सांगितले. व्हॅन अठरा हजारांना भंगारात गेली. पंच्याऐंशीतून अठरा वजा करा. सदुसष्ट हजार रुपये गेले आणि पतपेढीचे हप्ते मागे राहिले. जिने बरोबर ओळखले होते तिला आम्ही हसलो होतो. आम्ही कॉमर्सचे पदवीधर, हिशेबात पैचीही चूक होऊ देत नाही म्हणून मिरवणारे. पण कागद उलटून पाहणाऱ्या आम्हाला पायाखालची मॅट उचलून पाहायचे सुचले नाही.

गंज कुठून येतो

लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज चढतो. पाण्यात मीठ असले तर तो कितीतरी वेगाने चढतो. म्हणून मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा या किनारपट्टीच्या गाड्या सोलापूर-नागपूरकडच्या गाड्यांपेक्षा लवकर गंजतात. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. नंबर प्लेटवर एमएच ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी असेल तर तळ अधिक काळजीने पाहावा. मात्र नंबरावरून गाडीची नोंदणी कुठे झाली एवढेच कळते. सोलापूरची एमएच १३ गाडीसुद्धा दहा वर्षे समुद्रकाठी उभी असू शकते.

दुसरा धोका पुराच्या गाड्यांचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात मुंबईतल्या असंख्य गाड्या बुडाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला. पुरात बुडालेली गाडी धुऊन, रंगवून पुन्हा बाजारात येऊ शकते. ती ओळखायची खूण सोपी आहे. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या भागावर चिखलाचा डाग किंवा गाळाची रेघ असेल तर ती गाडी पाण्यात होती. सीटखालचे बोल्ट आणि रुळ गंजलेले असतील तर संशय पक्का धरा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगतो. पण गंज बहुतेक वेळा पत्र्याच्या आतल्या बाजूने सुरू होतो. बाहेर हरभऱ्याएवढा फुगा दिसतो तेव्हा आत रुपयाएवढा पत्रा खाल्लेला असू शकतो.

तळाला एवढे महत्त्व का

जीप, सुमो, बोलेरो यांसारख्या गाड्यांना खाली वेगळी जाड चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. बहुतेक लहान मोटारींना, म्हणजे मारुती ८००, आल्टो, वॅगन-आर यांना, अशी वेगळी चेसिस नसते. तळाचा पत्रा, दाराखालच्या लांब पेट्या आणि खांब मिळूनच सगळा भार पेलतात. दाराखालच्या या पेटीला गॅरेजवाले सिल म्हणतात. तिला गाडीचा उंबरा म्हणा हवे तर. ती सडली म्हणजे नुसती शोभा गेली असे नाही. घराची तुळई सडल्यासारखे आहे. धडक बसली तर अशी गाडी आतल्या माणसांना सांभाळू शकत नाही. मुले-बाळे, आजारी माणसे त्याच गाडीत बसणार आहेत.

पाहणी कशी करावी

यासाठी मोठे यंत्र लागत नाही. मोबाइलची बॅटरी, एक लहान लोहचुंबक, पातळ फडके, स्क्रू ड्रायव्हर आणि बसायला गोणपाट एवढे पुरे. अंगावर जुने कपडे घाला. दिवसाच्या उजेडात जा, रात्री नको. मालकाला आधीच सांगा, गाडी धुऊन ठेवू नका. ओल्या गाडीत गंज लपतो आणि गळती कळत नाही.

सुरुवात आतून करा. पुढच्या आणि मागच्या मॅट उचला. खालचा गालिचा हाताने दाबा, ओल लागते का बघा. टाचेने जोर देऊन दाबा. पत्रा आत-बाहेर होत असेल किंवा कुरकुरत असेल तर तो पातळ झाला आहे. वास घ्या. ज्या गाडीत सुगंधी बाटली जास्त दरवळते तिथे नाक अधिक लावा. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा. तिच्या खालच्या खळग्यात पाणी साचते आणि ते कोणी पाहत नाही. बॅटरीखालचा पत्राही पाहा, तिथे ॲसिड सांडून पत्रा खाल्लेला असतो.

मग दारे उघडा. दाराच्या खालच्या काठावरून बोट फिरवा. तिथे पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की पाणी दारातच साचते आणि काठ सडतो. व्हॅन असेल तर सरकत्या दाराचा खालचा रूळ आवर्जून पाहा.

आता चुंबक फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडे पडणार नाहीत. सिलवरून, चाकांवरच्या कमानीवरून, दारांच्या खालच्या भागावरून हळूहळू फिरवा. लोखंडाला चुंबक चिकटतो, पुट्टीला आणि फायबरला चिकटत नाही. जिथे तो एकाएकी सुटतो तिथे रंगाखाली भरणा आहे असे समजा. बंपर मात्र प्लास्टिकचा असतो, तिथे चुंबक लागत नाही म्हणून घाबरू नका. चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूने हात फिरवा. तिथे साचलेला चिखल महिनोन्‌महिने ओला राहतो.

सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गाडीचा तळ. त्याआधी एक ताकीद. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नका. जॅक सरकला तर माणूस जागीच जातो, आणि गंजलेल्या गाडीचा जॅक कसा आत शिरतो ते वर सांगितलेच आहे. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. ओळखीच्या मिस्त्रीला त्याची मजुरी देऊन बरोबर न्या. ते पैसे वाया जात नाहीत.

खाली गेल्यावर पुढील गोष्टी पाहा. जॅक लावायच्या चारही जागा. पायाखालचा तळ. पुढून मागे जाणाऱ्या लोखंडी पेट्या. शॉकअप आणि पाटे जिथे बॉडीला जोडलेले असतात त्या जागा. ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. खरवडायचे किंवा टोचायचे असेल तर आधी मालकाची परवानगी घ्या. परक्याची वस्तू आहे हे विसरू नये.

ब्रेकसाठी आणखी एक सोपी कसोटी आहे. गाडी उभी असताना इंजिन सुरू करा आणि ब्रेकचे पेडल जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. ते एका जागी घट्ट राहिले पाहिजे. हळूहळू खाली जात राहिले तर कुठेतरी गळती आहे किंवा ब्रेकमध्ये दोष आहे. ती गाडी चालवून पाहण्याच्याही भानगडीत पडू नका.

काळ्या लेपाची गंमत

गाडीच्या तळाला काळा लेप मारणे ही चांगली गोष्ट आहे, पण तो चांगल्या पत्र्यावर मारला तर. गंजलेल्या पत्र्यावर मारला तर ओल आत कोंडली जाते आणि पत्रा झाकणाखाली सडत राहतो. म्हणून सगळी गाडी जुनी आणि तळ मात्र कालच रंगवल्यासारखा चकचकीत काळा, असे दिसले की थांबा. विचारा, हे काम कधी केले, कुठे केले, बिल आहे का? सरळ उत्तर देणारा मालक तारीख सांगतो. ज्याला लपवायचे असते तो गाडीचा ॲव्हरेज सांगू लागतो.

कोणता गंज चालेल, कोणता नाही

जुन्या गाडीला गंज असणारच. गंज दिसला म्हणून प्रत्येक गाडी सोडून दिली तर आपल्याला गाडी मिळणार नाही. त्याचे तीन प्रकार मनात ठेवा.

पहिला, वरवरचा. तांबूस रंग चढलेला, बोटाने पुसला तर भुकटी निघते, खाली पत्रा टणक. हा तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर आणि रंग मारून आटोक्यात येतो. नट-बोल्टवर, सायलेन्सरवर असा गंज बहुतेक गाड्यांना असतो. सायलेन्सर तर बदलताही येतो.

दुसरा, पोपडे सुटणारा. पापुद्रे निघतात, पत्रा पातळ झालेला असतो. तो दाराच्या काठावर किंवा मडगार्डवर असेल तर पत्रा कापून नवा जोडता येतो. त्याचा खर्च मिस्त्रीकडून आधी काढून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.

तिसरा, भोक पडलेला. तो सिलला, भार पेलणाऱ्या पेट्यांना, शॉकअपच्या जोडाला किंवा तळाला मोठ्या भागात असेल तर किंमत विचारूच नका. फुकट दिली तरी ती गाडी महाग आहे. ब्रेकचा पाइप बदलता येतो, पण तो बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर आणखी एक हिशेब मांडा. १५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारीसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. तळाला भोके असलेली गाडी तपासणीत अडकली तर ऐंशी हजारांची वस्तू दारात शोभेला उरते. म्हणजे गाडीची खरी किंमत मालक सांगतो ती नव्हे. मालकाची किंमत, अधिक पत्र्याचे काम, अधिक आरटीओचा खर्च, ही बेरीज करून मग खिशात हात घाला.

विसार पाहणीनंतरच द्यावा. "आत्ता टोकन दिलं नाही तर संध्याकाळी दुसरा येऊन नेईल," असे सांगणारे भेटतातच. नेऊ द्यावी. कागदांचे म्हणाल तर आरसी, विमा, बँकेचा बोजा आणि दंडाची चलने पाहावीत, नावांतराचे फॉर्म २९ व ३० सह्या करून घ्यावेत. ते आपल्याकडचे लोक बऱ्यापैकी जाणतात. राहते ते खाली वाकणे.

पुढे काय झाले

रिक्षाचा खर्च काही थांबला नव्हता. व्हॅन गेल्यावर आठ महिन्यांनी भाच्याने पुन्हा गाडी पाहायला सुरुवात केली. या वेळी आम्ही कागद घरीच पाहायचे ठरवले आणि गाडीपाशी भाचेसुनेला पुढे केले. पहिल्या गाडीची मॅट तिने उचलली तर खाली गाळ. दुसरीचा मालक रॅम्पवर न्यायला तयार होईना. "पटत असेल तर घ्या," म्हणाला. आम्ही नमस्कार करून निघालो. तिसरीचा तळ ताजा काळा. चौथी गाडी रंगाने अगदी बापुडवाणी होती. एका दाराचा काठ खाल्लेला, मडगार्डला पोचा. पण खड्ड्यावर घेतली तेव्हा तळ खणखणीत वाजला. मिस्त्रीने दाराचे काम नऊ हजारांचे सांगितले. तेवढे किमतीतून कमी झाले. मालकाने जास्त ओढाताण केली नाही.

आज दाजी त्याच गाडीतून डायलिसिसला जातात. दाराचा रंग बाकी गाडीशी जुळत नाही, तिकडे कोणी पाहतही नाही. पावसाळा संपला की भाचा गाडीचा तळ साध्या पाण्याने धुतो, दारांची भोके काडीने मोकळी करतो, मॅट उन्हात वाळवतो. ओल्या गाडीवर प्लास्टिकचा कागद टाकत नाही, कारण त्याने ओल कोंडते. एवढीच निगा.

भंगारात गेलेल्या व्हॅनचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. दर महिन्याच्या दहा तारखेला भाचा पतपेढीत जातो. त्यातला काही वाटा आम्ही उचलतो. तो नको म्हणतो, तरी उचलतो. "दे पैसे" हे शब्द आमचे होते.

म्हणून बंधूंनो, गाडी घ्यायची असेल तर अवश्य घ्या. कागद आमच्याकडे आणा, आम्ही पाहून देऊ. पण येण्याआधी गुडघ्याला माती लागली पाहिजे. आणि जाताना घरातल्या बाईला बरोबर न्या. ती वास येतो म्हणाली तर हसू नका, मॅट उचला.